आधी चहा, मग पारा

दादा, काल तुझा तेरावा झाला. पाहुणे पांगले, आत्या आज सकाळी देवगावला गेली, आणि मी तुझ्याशी भांडायला मोकळी झाले. रडून झालंय माझं, निदान आजच्यापुरतं. तू गेल्यापासून जो येतो तो तुझ्याविषयी इतकं गोड बोलतो, की हा माणूस कोण असा मला प्रश्न पडतो. तू गोड नव्हतास. तू हट्टी होतास, चेष्टेखोर होतास, आणि अदालतीत न्यायाधीशापुढं नुसते खटल्यांचे कागद ठेवायचास, पण आपलंच खरं करण्यात तिथल्या वकिलांना भारी होतास. उगाच नाही ते सगळे पेशकारसाहेब पेशकारसाहेब करत तुझ्यामागं फिरायचे.

तू पडलास तेव्हा तुझ्या हातात कप होता. सगळं तिथून सुरू झालं. सकाळी तू पाटावर बसून चहा पीत होतास, मी शाळेत जायला निघाले होते, आणि कप फुटल्याचा आवाज आला. मी आणि वहिनी धावत आलो तर तुझं तोंड वाकडं झालेलं, उजवा हात मांडीवर निपचित पडलेला, आणि डोळे वहिनीकडं. तुला काहीतरी सांगायचं होतं. जीभ वळत नव्हती. दुपारच्या आत तू गेलास, आणि शेजारपाजारच्या बायका आल्या तेव्हा कपाचे तुकडे अजून तिथंच होते.

आत्या गाडीतून उतरली ती हंबरडा फोडतच. तुझ्या उशाशी बसली, आणि रडता रडता तिनं ते तुकडे पाहिले. "चहानं खाल्लं माझ्या पोराला," ती म्हणाली. "डागदरानं नको म्हणलं व्हतं ना? मग पाजला कुणी?" आणि सगळ्या बायकांनी वहिनीकडं पाहिलं. मी त्या माना वळताना बघितल्या, दादा. एकीनंही "असू द्या आत्याबाई" म्हटलं नाही.

आत्याचं दुःख खोटं होतं असं मी म्हणणार नाही. तुला तिनं अंगाखांद्यावर खेळवलं. पण दुःखाला कुणीतरी दोषी लागतो, आणि वहिनी समोरच बसली होती, मूलबाळ नसलेली, मान खाली घालून. पुढं रोज कुणी ना कुणी समाचाराला आलं, की आत्या तोच पाढा सुरू करायची. डॉक्टरनं चहा बंद सांगितला होता आणि हिनं चालू ठेवला. नवऱ्याच्या जिभेचे लाड केले. ऐकून ऐकून वहिनीलाही ते पटलं. एके दिवशी तिनं चहाच्या पत्तीचा डबा उचलला आणि उकिरड्यावर रिकामा करून आली. मी विचारलं तर म्हणाली, "वन्सं, खरंच हाय ते. माझ्याच हातचं प्याले."

मग सोयगावहून तिचा भाऊ आला. आत्यानं त्याला सांगून टाकलं, तेरावा झाला की बहिणीला घेऊन जा, या घरात आता तिचं काय काम. तो बिचारा साधा माणूस. त्याच्या घरात आधीच माणसांची दाटी, त्यातून बहीण अशी दूषण घेऊन यायची, म्हणजे तिथंही तिला जन्मभर खालमानेनं राहावं लागणार. तो नुसता हो म्हणाला. वहिनीनं आपली लुगडी गाठोड्यात बांधायला घेतली, आणि मी ठरवलं की हे होऊ द्यायचं नाही.

का, ते तुला सांगायला नको, तरी सांगते. नवरा गेल्यावर मी सासरी एका कोपऱ्यात पडले होते तेव्हा तू मला आणलंस. घरी आणून पाटी हातात दिलीस. मराठी आलं, मग उर्दूही शिकवलंस, "सगुणे, सरकारात अलिफ बे ज्याला येत नाही त्याला दारातला शिपाईसुद्धा उभं करत नाही" असं म्हणून. मी मुलींच्या शाळेत शिकवायला लागले, त्याचं श्रेय सगळे तुला देतात. तू घेत होतास, हसून. पण त्या वर्षांत माझ्या वाटची कामं वहिनी उपसत होती. आत्या म्हणाली होती, "इधवा पोरीला मास्तरीण करता व्हय?" तेव्हा तू अदालतीत होतास. उत्तर वहिनीनं दिलं होतं: "त्या शाळेत जातील. भाकऱ्या मी थापीन." आत्या ते विसरलेली नाही, असं मला पक्कं वाटतं.

तर चहा. चहाशी तुझी सोयरीक जुळली तेव्हा तू इथं शहरात शिकत होतास. गुलमंडीत चहाच्या कंपनीची गाडी यायची, बाजारातल्या माणसांना फुकट कप वाटायची, आणि तू रोज नवं गिऱ्हाईक असल्यासारखं तोंड करून उभा राहायचास. मग एक पुडी देवगावला घेऊन आलास. बाबांनी पातेल्यात डोकावून विचारलं होतं, कुणाला ताप आलाय? त्यांनी शेवटपर्यंत चहाला तोंड लावलं नाही. मलाही तो कधी आवडला नाही. तू किती परीनं पाजायला बघितलंस, आलं घालून, वेलची घालून, शहरात खेळवलेल्या नहरीच्या, कालव्याच्या पाण्याचा चहा बाधत नाही असलं काहीतरी शास्त्र सांगून! एक घोट घ्यायचे आणि तुझ्याच बशीत ओतायचे, आणि तुला तेच हवं असायचं.

मग तुला चक्कर यायला लागली. सकाळी मान धरायची, कानात घुं घुं वाजायचं. हबीब डॉक्टर आले, टांग्यातून, ती लांबट पेटी घेऊन. दंडाला पट्टा बांधायचा, रबराचा गोळा दाबायचा, आणि काचेच्या नळीत पारा वर चढतो ते बघायचं. आपल्या गल्लीत तसलं यंत्र कुणी पाहिलं नव्हतं. त्यांनी मान हलवली. "पेशकारसाब, खून का दबाव बहुत चढ़ा हुआ है. नमक कम, ग़ुस्सा कम, और ये चाय तो बिलकुल कम." सर्पगंधेची पूड दिली, आणि दर पंधरवड्याला येऊन बघेन म्हणाले.

वहिनीनं ते शब्द मनावर घेतले. तुझी भाजी आणि वरण वेगळं, अळणी शिजायला लागलं. लोणचं आणि पापड फडताळात वर गेले. आणि चहा! तू कांगावा करशील म्हणून तिनं बंद केला नाही, पण रोज पत्ती थोडी थोडी कमी करत गेली आणि गवती चहा वाढवत गेली. शेवटी पातेल्यात पत्ती नावालाच पडायची, रंगापुरती. तिला वाटायचं तुला कळत नाही. तुला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. मला म्हणालास, "सगुणे, तुझ्या वहिनीचा चहा म्हणजे नुसती चहाची आठवण आहे. पण बोलू नकोस. ती एवढ्या कष्टानं फसवतेय, तर फसायला पाहिजे माणसानं." हे तू मला सांगितलंस आणि तिला नाही. तिला का नाही सांगितलंस, दादा? एका वाक्याचं तर काम होतं.

पण तुझी खरी मजा पुढं होती. घरात खरा चहा फक्त डॉक्टर यायचे त्या दिवशी व्हायचा. दारी आलेल्या माणसाला गवताचं पाणी कसं द्यायचं? मग वहिनी मुठीनं पत्ती टाकायची, दाट दूध, दाबून साखर. आणि पाहुण्याला एकट्यानं कप तोंडाला लावायला लावणं म्हणजे त्याला उठ म्हणण्यासारखं, म्हणून तूही प्यायचास. डॉक्टरांचा एक कप व्हायचा तोवर तुझे दोन. पंधरा दिवस तू त्या तासाची वाट बघायचास. कप खाली ठेवून, मिशा पुसून मग तू दंड पुढं करायचास, आणि पारा चढायचा. डॉक्टर म्हणायचे, अजून चढलेलाच आहे, चहा आणखी कमी करा. वहिनी आत ऐकायची आणि दुसऱ्या दिवसापासून गवती चहाची आणखी एक पात वाढायची. असं आपण महिनोन्महिने केलं. शिकलेली माणसं आपण सगळी.

रमजान आला तेव्हा माझ्या ते लक्षात आलं. डॉक्टरांना रोजा, मग त्यांच्यासमोर तू तरी कसा पिणार? यायचे, पेटी उघडायचे, पारा बघायचे आणि जायचे. त्या महिन्यात तो खाली आला. फार नाही, पण आला. डॉक्टर खूश, सर्पगंधेला यश आलं म्हणाले. तू त्यांच्या घरी खजूर पाठवलेस. ईद झाली, आपल्याकडं शिरखुर्मा आला, पुढच्या खेपेला पुन्हा दोन कप, आणि पारा पुन्हा जिथल्या तिथं. डॉक्टरांनी पूड वाढवली. मी त्या संध्याकाळी तुला म्हटलं, "दादा, त्यांना आधी बघू दे, चहा मग पी. तुझा आजार किती आणि चहाचा चढ किती, हे एकदा कळू तरी दे."

तू किती हसलास! "अगं, माणूस टांग्यातून उतरला नाही तोवर त्याच्यापुढं दंड उघडा करू? आधी चहा, मग पारा. पारा काय पळून जातोय व्हय?" मी म्हटलं, डॉक्टर मित्र आहेत, त्यांना राग येणार नाही. तू म्हणालास, त्यांना राग येणार नाही, मला लाज वाटेल. मी चिडले. पुढच्या खेपेला पुन्हा बोलले, तू पुन्हा तेच. हे भांडण आपलं चालूच राहिलं असतं. मी काही सोडणार नव्हते.

पण एक गोष्ट आपण दोघं बोललो नाही. रमजानात पारा खाली आला तरी तो निरोगी माणसाइतका खाली आला नव्हता. मी डॉक्टरांचा चेहरा पाहिला होता, तूही पाहिला असणार. आणि बाबा. बाबा साधारण तुझ्याच वयाचे होते. तसेच सकाळी पडले, तसंच तोंड वाकडं, तोच उजवा हात. चहाचा थेंब न प्यायलेला माणूस. तुझ्या मनात ते आलं नसेल असं कसं म्हणू? चहावरून विनोद करणं सोपं होतं, म्हणून आपण चहावरून विनोद करत राहिलो.

काल दुपारी पंगती उठल्या आणि हबीब डॉक्टर आले. ओसरीत घोंगडीवर बसले. त्यांचे डोळे भरून आले होते. तुला मित्र फार चांगले मिळाले, हे मला काल नीट कळलं. ते टेकले न टेकले तोच आत्या पुढं झाली.

"डागदरसाब, तुमीच सांगा आता सगळ्यांम्होरं. चहा नको म्हणला व्हता ना तुमी?"

"हां, बोला था," डॉक्टर म्हणाले.

"मग चहानंच गेला ना माझा पोरगा?"

वहिनी दाराआड उभी होती. तिचा भाऊ गाठोडं उचलायला हात पुढं केलेला तसाच थांबला. मी पुढं झाले. एवढ्या पुरुषांसमोर मी कधी बोललेली नाही, पण पोरींना शिकवून आवाज तयार झालाय.

मी म्हटलं, "डॉक्टरसाहेब, तुम्हा दोघांचा चहा झाल्यावर तुम्ही दादाचा पारा बघत होता. रमजानात चहाविना बघितला. तेव्हा तो उतरला, खरं ना?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. त्यांच्या ध्यानात ते येताना मला दिसलं. "या अल्लाह," ते हळूच म्हणाले. "पी के बैठता था, और मैं पट्टा बाँधता था. मैं भी तो पीता था साथ में."

"बगा!" आत्या म्हणाली. "म्हंजी चहाच!"

"पुढचं ऐक, आत्या," मी म्हटलं. "डॉक्टरसाहेब, चहा नव्हता तेव्हा पारा बरोबर होता का?"

"नहीं, बहन. चढ़ा हुआ तो तब भी था. चाय से थोड़ी देर को चढ़ता है, उतर जाता है. पेशकारसाब की बीमारी चाय की नहीं थी. मैंने चाय का नाम लिया, इसलिए कि छुड़ाने को वही चीज़ सामने थी."

आत्याला ते पटलं नाही. शब्दांनी कुणाला काय पटतं? ती म्हणाली, मग कशाची बीमारी, आमच्या घरात असली बीमारी कुणाला हाय? मी बाबांचं नाव घेतलं. ती म्हणाली, त्याला करणी झाली व्हती. आता बोल, दादा.

तेव्हा मी घोंगडीच्या कडेला बसले, पोलक्याची बाही वर केली आणि डॉक्टरांसमोर हात धरला. "पेटी टांग्यात असेल ना? माझा बघा. मी चहा पीत नाही, हे या घरात सगळ्यांना ठाऊक आहे."

आत्या "अगं अगं" करत राहिली. विधवा बाई, चारचौघांत दंड उघडा टाकून बसलेली, तिला तेराव्यापेक्षा हेच मोठं झालं. डॉक्टर म्हणाले, उद्या बघू. मी म्हटलं, उद्या नाही, आता, यांच्यासमोर. पेटी आली. त्यांनी मला आधी शांत बसवलं, धाप जाऊ दिली, मग पट्टा बांधला. कानात नळ्या घातल्या. पुन्हा एकदा बांधला. दुसरा हात बघितला.

ते मला सांगायला कचरले. मी म्हटलं, मोठ्यानं सांगा.

"चढ़ा हुआ है," ते म्हणाले. "भाई के जैसा ही."

दादा, मला आनंद झाला. माणसाला असल्या गोष्टीचा आनंद होत नाही, पण मला झाला, तो मी लपवणार नाही. हे बाबांचं होतं, तुझं होतं, माझं आहे. ते रक्तातून आलंय, वहिनीच्या पातेल्यातून नाही. मी आत्याकडं वळले. तिनं माझा उघडा दंड आपल्या पदरानं झाकला, आणि रडायला लागली. "तूबी व्हय गं?" एवढंच म्हणाली. तुझ्यासाठी रडत होती त्यापेक्षा ते रडणं वेगळं होतं. मी तिच्यावर आता रागावलेली नाही. पण आज सकाळी निघण्याआधी तिला वहिनीसमोर उभं केलं आणि चुकलं म्हणायला लावलं. म्हणाली ती, पुटपुटत का होईना.

आणि तुझं ते वाक्यही मी वहिनीला सांगितलं. काल संध्याकाळी, तिचा भाऊ एकटाच सोयगावला परत गेल्यावर. तुला गवती चहाचं सगळं ठाऊक होतं, आणि तू मुद्दाम फसत होतास, हे ऐकून तिनं हातातलं भांडं खाली ठेवलं. मग म्हणाली, "सगळं ठाऊक व्हतं? अन् रोज म्हणायचे, आज चहा कडक झालाय!" आणि ती हसली. तू गेल्यापासून पहिल्यांदा. हसता हसता रडली, आणि मग तुला मनसोक्त शिव्या दिल्या. त्या तुझ्या हक्काच्या होत्या, मी मध्ये पडले नाही.

आता माझं. डॉक्टर दर पंधरवड्याला येणार आहेत. पूड सुरू झाली आहे. भीती वाटते का, तर वाटते. गेले काही दिवस सकाळी माझीही मान धरते, आणि तेव्हा तुझा हात आठवतो. पण शाळेत चौथीच्या पोरी आहेत, त्यांना अजून भागाकार येत नाही, आणि वहिनीला या घरात माझ्याशिवाय कुणी नाही. तू हसत हसत गेलास. मला ते परवडणार नाही.

आज वहिनीनं माझ्या ताटात अळणी वरण वाढलं. मी मिठाकडं हात केला तर तिनं मिठाची वाटी उचलून आपल्या पाटाखाली ठेवली. तुझ्यापुढं ती बिचारी हरली, दादा. मी तिला हरू देणार नाही.